मधले झाड काढावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, काम शाळेत विज्ञान शिकवणे, सध्या रजेवर, राहणार वडिलांच्या घरी, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. रक्त ठिकाणावर नाही. पण मृत्युपत्राला डोके पुरते. हे स्वखुशीने लिहीत आहे असे म्हणायची पद्धत आहे. खुशी नाही, पण कोणाची जबरदस्तीही नाही. डॉक्टरीणबाईंनी "पुढचा उन्हाळा धरून चालू नका" असे स्वच्छ सांगितले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. बाकीचे सगळे "होशील गं बरी" म्हणतात आणि दाराकडे बघतात.

आमच्या घरात यापूर्वी कोणी मृत्युपत्र केलेले नाही. ठेवायला काही नव्हते आणि लिहायला कोणी नव्हते. मी घरातली पहिली पदवीधर. घर बाबांचे आहे, त्यांनी गवंडीकाम करता करता स्वतः बांधलेले, त्यावर माझा हक्क नाही. जे माझे आहे त्याची व्यवस्था येणेप्रमाणे.

कलम १. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. अर्ज भरलेला आहे. वहिनी म्हणाली, "ताई, तिथे पोरं हसतील हो तुमच्यावर." हसू देत. मीही बेडकावर हसले होते, पण शिकले.

कलम २. पुस्तके शाळेच्या वाचनालयाला. कपाटात कुलूप लावून ठेवणार असतील तर देऊ नयेत.

कलम ३. माझी स्कूटर वहिनीला. अट एकच, तिने ती स्वतः चालवावी आणि दादाने मागे बसावे.

कलम ४. बँकेत आहे ते सगळे दादाला, न्हाणीघरासाठी. बाबांचे गुडघे गेले आहेत, जिना चढवत नाही. खाली न्हाणीघर हवे हे दादाचे म्हणणे बरोबरच आहे. त्याला ते परसात हवे आहे. ते जिन्याखाली बांधावे. परसाचे काय ते कलम ७ मध्ये आहे.

कलम ५. माझी सगळी प्रगतिपुस्तके बाबांना. प्रत्येकावर पालकाच्या सहीच्या जागी त्यांचा अंगठा आहे. चौथीत असताना मी तो तळहाताने झाकून बाईंपुढे प्रगतिपुस्तक धरायचे. बाबांना हे ठाऊक नाही, असे मी सतरा वर्षे समजत आले आहे.

कलम ६. आत्याला काही नाही. मी कॉलेजात नाव घातले तेव्हा ती बाबांना म्हणाली होती, "शिकव, शिकव. शिंगं फुटली की पहिली तुलाच मारेल." तिला माझा पदवीदानाचा फोटो फ्रेमसकट द्यावा, असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे. पुढचे कलम वाचल्यावर कारण कळेल.

कलम ७. परसातली तीन नाशपतीची झाडे.

स्वयंपाकघराची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये सहा फूट रुंदीची पट्टी आहे. तिथे आडवे पसरणारे झाड मावले नसते. खांबासारखी सरळ वर जाणारी नाशपतीची जात असते. तिला फांद्या जवळजवळ नसतात. खोडालाच बोटभर आखूड फुटवे येतात आणि फळे त्या फुटव्यांवर धरतात. हे मी वाचले होते. नोकरी लागली त्या हिवाळ्यात मी तशी तीन रोपे आणली. बाबांनी खड्डे खणले, प्रत्येक रोप ओळंबा धरून उभे केले. दादा म्हणाला, "बाबा, झाड लावताय का पिलर?" बाबा म्हणाले, "खांबच हे. फक्त स्लॅब नाही, फळं येणार."

तीन वर्षे ते रोज संध्याकाळी परसात बसत. त्यांच्या हातची घरे शहरभर आहेत, पण त्यातले एकही उंच होताना त्यांनी असे खुर्चीत बसून पाहिले नव्हते.

तिसऱ्या हिवाळ्यात मी महिनाभर प्रशिक्षणाला गेले. परत आले तर तिन्ही खोडे गुळगुळीत. एकही फुटवा शिल्लक नाही. वर चुन्याचा हात दिलेला. बाबा दारात उभे होते, हातात छोटी करवत. "बघ," म्हणाले, "सगळा खडबडपणा काढला. अशी भिंत मी ठेवली असती तर लोकांनी नाव ठेवलं असतं. आता ओळंब्यात आहेत."

घरात पाहुणे होते. आत्या होती. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अडाणी आहात तुम्ही बाबा. शिकलेल्या माणसाला विचारायचं तरी."

करवत त्यांनी पायरीवर ठेवली. त्या दिवसापासून ते परसात गेले नाहीत. माझ्याशी बोलायचे असेल तर वहिनीला सांगतात. "तिला म्हणावं, औषधाची वेळ झाली." मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते.

आता जे लिहिते ते या मृत्युपत्राचे कारण आहे.

मध्ये एक वर्ष गेले, फुटवे पुन्हा आले आणि यंदाच्या वसंतात तिन्ही झाडे फुलली. पांढरीशुभ्र. मग पाकळ्या गळल्या आणि मागे धरलेले वाटाण्याएवढे दाणे पिवळे पडून तेही गळले. एक फळ राहिले नाही. इस्पितळातून परतताना मी दादाला रिक्षा रोपवाटिकेकडे वळवायला लावली. रोपवाटिकेच्या मालकांनी माझ्याकडे न बघता विचारले, "जोडीला दुसरी जात कुठली लावलीय?"

"तीन आहेत की."

"तीन कसली बाई! एकाच जातीच्या तिघी. सख्ख्या बहिणी त्या, एकमेकींच्या काय कामाच्या? परागाला दुसऱ्या जातीचं झाड लागतं."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"सांगत होतो. तुम्ही म्हणालात, मी विज्ञान शिकवते, मला माहीत आहे. म्हटलं, असेल."

म्हणजे बाबांनी करवतीला हातही लावला नसता, तरी त्या परसात एक नाशपती धरली नसती. फुटवे परत येतात, ते आलेही. चूक माझी होती आणि ती पहिल्या दिवसापासून जमिनीत उभी होती. परपरागण हा धडा मी सातवीला दर वर्षी शिकवते.

या गोष्टीला आठ महिने झाले. मी बाबांना सांगितले नाही. दादालाही गप्प बसायला लावले. आजारी माणसाला कोणी जाब विचारत नाही, त्या आडोशाला मी लपले. आपण मुलीची झाडे मारली असे समजून तो माणूस स्वतःच्या परसाला पाठ करून बसला आहे. मी मेल्यावर हा कागद कोणी वाचून दाखवेल आणि त्यांना कळेल, अशी ही योजना.

तरी तिन्ही झाडे मी बाबांना देते. मधले झाड याच पानगळीत मुळासकट काढावे. दुसऱ्या जातीचे रोप रोपवाटिकेत माझ्या नावाने राखून ठेवले आहे, ते त्या जागी लावावे. फुटवे वाढले तर चार बोटे ठेवून वरचे छाटावे, खोडाशी कापू नयेत. कोणत्याही झाडाला माझ्या नावाची पाटी लावू नये.

कलम ८. हे कलम तीन दिवसांनी जोडत आहे.

वरचे सगळे लिहून झाल्यावर साक्षीसाठी शेजारच्या नर्सबाईंना बोलावले. सातवे कलम वाचून त्या म्हणाल्या, "मी यावर सही करणार नाही. माणूस पलीकडच्या खोलीत बसलाय आणि तू त्याला पत्र लिहितेस?"

म्हणून काल मी बाबांसमोर बसून ते कलम मोठ्याने वाचले. दोनदा धाप लागली. ते उठून गेले नाहीत.

वाचून झाल्यावर त्यांनी गुडघे चोळले. मग वहिनीला मध्ये न घालता मला विचारले, "म्हणजे माझ्या कापण्यानं नाही?"

"नाही बाबा."

"आठ महिने माहीत होतं."

"हो."

"मग अडाणी कोण?"

"मी."

"मग सही कसली करतेस?" ते म्हणाले. "अंगठा लाव."

हसले की काय ते मला नीट दिसले नाही, कारण तोवर ते भिंत धरत परसाकडे निघाले होते. आज सकाळी रोपवाटिकेचे मालक स्वतः रोप घेऊन आले. मधले झाड दादाने मुळासकट काढले, खड्डाही त्यानेच खणला. ओळंबा बाबांनी धरला. दोरी स्थिर व्हायला वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो. ते रोप फुलायला दोन वर्षे तरी लागतील, हे मी सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही.

हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत केले आहे. पहिल्या ओळीत "सही करणारी" लिहिले आहे, ते तसेच राहू द्यावे. खरी मात्र ही खालची निशाणी.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, लिहून ठेवणारीचा.

साक्षीदार १: शेजारच्या नर्सबाई (सही). लिहून ठेवणारीला सही करता येते, हे मला माहीत आहे. अंगठा तिने आपल्या मर्जीने, माझ्यासमोर लावला.

साक्षीदार २: रोपवाटिकेचे मालक (सही). रोप दुसऱ्या जातीचे आहे, मी खात्री केली आहे.

शाईची डबी बाबांची, जुनी. पाणी घालून ओली केली.

ठिकाण: परसदाराची पायरी.
दिनांक: सात डिसेंबर.