सत्तेचाळिसावा डाव आणि दोऱ्याचं रीळ

प्रिय भाऊजी,

तुम्हाला नमस्कार, आणि जाऊबाईंना त्याहून थोडा जास्त, कारण त्या तुम्हाला सांभाळतात. पत्रात आधी प्रकृतीची चौकशी करावी म्हणतात, म्हणून करते. गुडघा कसा आहे? (फोनवर तुम्ही "बरा आहे" म्हणता, पण ज्या सुरात म्हणता त्यावरून तो बरा नाही.) माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि का आहे ते सांगायलाच हे पत्र. मी जिंकले. बुद्धिबळात. सलग शेहेचाळीस डाव हरल्यावर.

चष्मा पुसू नका, वाचलंत ते बरोबर आहे. दर रविवारी तुम्ही दोघे भाऊ पटावर माना घालून बसायचात, तेव्हा "लाकडाच्या बाहुल्यांपायी चहा गार करता" म्हणून कुरकुरणारी तुमची वहिनी, तीच ही. तुमची रीत पुन्हा लिहिते, कारण सगळं त्यावरच आहे. जो हरेल त्याचा वजीर जिंकणाऱ्याने खिशात घालायचा आणि पुढच्या रविवारी खेळायला परत आणायचा. हे कधीमधी जिंकले, की तुमचा काळा वजीर शर्टाच्या खिशात घालून आठवडाभर घरात मिरवायचे. शेवटच्या रविवारी हे हरले, पांढरा वजीर तुमच्याबरोबर गेला, आणि बुधवारी हेच गेले. त्याला चौदा महिने झाले. डब्यात एकतीस मोहरे आहेत. (मी वजीर मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते.)

बरेच महिने मी त्या डब्यावरची धूळ पुसायची आणि तो परत फळीवर ठेवायची. मग एकदा वाटलं, हा माणूस दहांतले आठ रविवार हरून रात्री पोटभर जेवायचा कसा, ते तरी कळू दे. वाचनालयातून पुस्तक आणलं. मी वाचायला शिकले ती मापांच्या चिठ्ठ्यांवर आणि कापडाभोवती गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांवर. पुस्तक म्हटलं की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं, एवढंच मला ठाऊक. बुद्धिबळाचं पुस्तक मी कादंबरीसारखं वाचलं. दीडशे पानं झाली तरी राजा मरेना, नुसता अडकत राहिला, आणि बाकीचे सगळे त्याच्यापायी मरत होते. दुसऱ्यांदा वाचताना पट मांडला आणि वजिराच्या जागी पांढऱ्या दोऱ्याचं रिकामं रीळ उभं केलं.

खेळायला मिळाले शेजारच्या दुकानातले घड्याळवाले. दुपारी दोन ते चार त्यांच्याकडे कोणी येत नाही आणि माझ्या शिवणाच्या दुकानातही कोणी येत नाही. माणूस सज्जन, पण डोळ्याला लावलेलं भिंग खेळतानाही काढत नाही. माझ्या प्याद्याकडे असं बघतात, जणू ते मागे पडतंय आणि त्याला किल्ली द्यायला हवी. पहिला डाव मी सहा चालींत हरले. दुसरा चार चालींत. म्हणजे माझी प्रगती होत होती, फक्त दिशा चुकली होती.

पुढचे नऊ डाव तर मी माझ्या हातामुळे हरले. तीस वर्षं कापड सरळ करणारा हात तो. वाकडं दिसलं की आपोआप पुढे जातो. उंट घराच्या रेषेवर कलला दिसला, की मी त्याला चिमटीत धरून मधोमध बसवायची. लगेच घड्याळवाले म्हणायचे, "हात लावलात, आता तोच हलवा." नीटनेटकेपणाने माणसाचा असा घात झालेला मी पाहिला नव्हता. उपाय म्हणून खेळताना हातात काम घेऊन बसायला लागले. एका डावात त्यांनी शह द्यायला सुरुवात केली आणि मी शिवतच राहिले. मात झाल्यावर बघते तर गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय खालून पूर्ण बंद. गिऱ्हाईक दारात उभं. घड्याळवाले म्हणाले, "असू द्या, एकाच पायाला थंडी वाजत असेल त्यांच्या."

धाकटी फोनवर विचारायची, "आई, तू खेळायला जातेस की हरायला?" मी म्हटलं, "एकाच खुर्चीत बसून दोन्ही होतं." हरलेला प्रत्येक डाव मी कपाटाच्या दारावर आतून शिंप्याच्या खडूने लिहीत होते. दार भरत आलं.

खरं कारण घड्याळवाल्यांनी ओळखलं होतं. चाळिसाव्या डावानंतर म्हणाले, "बाई, तुम्ही राजाला सांभाळत नाही, त्या रिळाला सांभाळता." खरं होतं. रिळावर कोणी नुसती नजर टाकली की मी सगळं सैन्य त्याच्याभोवती गोळा करायची, आणि राजा उघड्यावर. एक गेला तो परत आला नाही, म्हणून हा तरी जाऊ द्यायचा नाही, असं काहीतरी मनात असावं. मी तेव्हा त्यांना एवढंच म्हटलं, "तुम्ही तुमचं घड्याळ बघा."

सत्तेचाळिसाव्या डावात त्यांचा राजा कोपऱ्यात, पुढे त्याचीच तीन प्यादी, आणि शेवटच्या ओळीवर राखणीला एक हत्ती. तो हत्ती हलला तर माझ्या हत्तीला आत शिरता येणार होतं. पण तो हलेल कशाला? काहीतरी मोठं मिळालं तरच. मी बराच वेळ रिळाकडे बघत बसले. मग मनाशी म्हटलं, अगं, रीळ आहे ते. ड्रॉवरमध्ये तीस पडलीत. आणि सरकवलं पुढे.

"हात लावलात," ते म्हणाले. "लावलाय," मी म्हटलं. त्यांच्या हत्तीने रीळ उचललं, माझा हत्ती शेवटच्या ओळीत जाऊन बसला, आणि राजाला त्याच्याच प्याद्यांनी बाहेर पडू दिलं नाही. घड्याळवाल्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. अकरा मिनिटं बघत होते. (दुकानात चाळीस घड्याळं आहेत, मोजायला सोपं जातं.) एकाही घड्याळाने त्यांची बाजू घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. चौथ्या दिवशी आले आणि म्हणाले, "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं." मी म्हटलं, "माझंही शेहेचाळीस डाव नव्हतं." मुद्दाम हरलेला माणूस तीन दिवस रुसत नाही, तेव्हा ही जीत अस्सल आहे.

जिंकले त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले. पण भाऊजी, खरं सांगायचं तर हरलेल्या दिवशीही जेवतच होते. दोन तास समोर कोणीतरी बसलेलं असतं. ह्यांचं गुपित तेवढंच होतं, आणि मी उगाच बावीस वर्षं चहाबद्दल बोलत राहिले.

जाऊबाईंना हे वाचून दाखवा, पँटचा भाग दोनदा.

तुमची,
आता कधीकधी जिंकणारी वहिनी

ता.क. अठ्ठेचाळिसावा आणि एकोणपन्नासावा डाव मी हरले. पत्राच्या मध्ये लिहिलं असतं तर रंग गेला असता.

ता.क. २. हे गेल्यावर लोक भेटायला येत होते, त्या दिवशी तुमचा उजवा हात सारखा खिशात होता. त्यात काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. परत द्यावा तरी अवघड, न द्यावा तरी अवघड, म्हणून चौदा महिने तुम्ही आला नाहीत, आणि नाव मात्र गुडघ्याचं सांगता.

ता.क. ३. रविवारी चार वाजता या. वजीर घेऊन या, पण द्यायला नाही, खेळायला. पांढरे मोहरे माझे. हरलात तर तुमचा काळा वजीर आठवडाभर माझ्या शिवणाच्या डब्यात राहील, आणि तो सोडवायला तुम्हाला यावं लागेल. जिंकलात तर पांढरा पुन्हा खिशात घाला. रीत तुम्हाला ठाऊक आहे, पुढच्या रविवारी तो परत आणावा लागतो.