साठावा दांडा

गोशेन, इंडियाना
२ डिसेंबर १९९७

चि. रस्टीस,
लव्हॉन आत्याचे अ. उ. आ.

अठरा तारखेला माझा उजवा खुबाही बदलतायत. डॉक्टरांना बजावलंय, सांधा आमच्या शेजारच्या वॉर्सॉ गावच्या कारखान्यातलाच हवा. तिथे तपासणीत पंचवीस वर्षं उगाच नाही काढली. डाव्याला तेरा वर्षं झाली, पण त्या खरखरीत कोटिंगमध्ये हाड असं रुजलंय की मांडीच्या हाडातला धातूचा दांडा हलायचं नाव नाही. यावेळी अकरा नंबरच्या मापाचा बसेल म्हणतात. कोण जाणे, तूच कोटिंग केलेला असेल. माझ्या लंगडण्याची नक्कल हवी तेवढी करून घे, पुढे मिळायची नाही.

खोड्या वाढल्या तरी लोभ कमी न होणारी,
तुझी आत्या

वॉर्सॉ
५ डिसेंबर

ती. लव्हॉन आत्यास,
रस्टीचा सा. न.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस होता, अर्धं खातं रानात. तपासणीवाल्या वेंडेलचा गुडघा दुखतोय, तो जाणार नाही असं मी धरून चाललो. त्याची जिरवायची म्हणून हातमोजा काढला आणि चिप्सच्या तेलकट बोटाने कोटिंगआधीच्या एका दांड्यावर हसरा चेहरा काढला. कोटिंगमधून डाग दिसेल, तो बोंबलेल, दांडा बाद करेल, एवढंच डोक्यात. पण वेंडेलही शिकारीला गेलेला. आणि कोटिंग बसल्यावर चेहरा दिसेचना. बदलीवाल्या पोरीने भिंगाखाली बघून पास केला. साठांचं खोकं गेलं. सगळे अकरा नंबर.

तूच सांगायचीस, तेलावरचं कोटिंग आज धरतं आणि आठ-दहा वर्षांनी आतल्या आत सुटतं. तरी तीन आठवडे मी गप्प बसलो. आज फोरमनला सगळं सांगितलं. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. तेच जास्त लागलं.

तू डॉक्टरांना थांबव. हात जोडतो.

लोभ उरला असेल तर असू दे.
रस्टी

गोशेन
१० डिसेंबर

चि. रस्टीस, अ. उ. आ.

डॉक्टरांकडूनच निरोप आला. खोकं परत मागवलंय, माझी तारीख जानेवारीत गेली. गाढवा, सांगितलंस ते बरं केलंस. पण एक विचारते. तो दांडा माझ्या नाही, कुणा परक्या बाईच्या खुब्यात जायचा असता, तर फोरमनकडे गेला असतास का?

रागावलेय. लोभ आहे तिथेच आहे.
आत्या

वॉर्सॉ
२२ डिसेंबर

ती. आत्यास, सा. न.

एकोणसाठ परत आले. एकेकाचं कोटिंग यंत्राने सुटेपर्यंत ओढून पाहिलं. सगळे घट्ट, खाली तेल कुठेच नाही.

साठावा, म्हणजे चेहऱ्याचाच, तीन तारखेलाच ओहायोत टोलेडोला कुणालातरी बसवलाय. नाव आम्हाला सांगत नाहीत. त्या माणसाला कळवलंय म्हणे. आत्ता काढायचा तर चांगलं हाड फुटेल, म्हणून दरवर्षी एक्स-रे काढून वाट बघायची.

मला कोटिंगवरून काढलं, आता खोकी उचलतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नसतो गेलो. एवढं लिहायला बारा दिवस लागले.

काल दुकानात एक म्हातारा लंगडत चालला होता. मी नक्कल नाही केली. कुठला पाय आहे ते बघत दारापर्यंत त्याच्या मागे गेलो. गाडीला ओहायोची नंबरपाटी होती.

लोभ जपून ठेव, निदान दहा वर्षं.
तुझा रस्टी