कोयरीचा हिरवा तुकडा

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

रविवारी सूनबाईचं, रेवाचं डोहाळजेवण. बायकांना द्यायच्या भेटींना बाजारचे टॅग कशाला, म्हणून चिंध्यांचं गाठोडं सोडलं आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर तुकडे चिकटवले. सगळे हिरवेच निवडले. कोयरीचा तुकडा तर फारच शोभला. त्याचे बारा टॅग झाले.

आज दोरे ओवताना आठवलं. सासूबाई सवाष्ण गेल्या, तेव्हा त्यांना नेसवायला सुलतान बाजारातून कोरी हिरवी साडी आणली होती. तिच्यावर हीच कोयरी. ब्लाउजपीस मीच कापून ठेवला, चांगलं कापड वाया कशाला म्हणून. अशी कशी विसरले मी?

अकरा टॅग बाजूला काढले. बारावा रेवाकडे. सकाळीच म्हणाली होती, "आई, हा कोयरीचा मला हवा, दवाखान्याच्या फाइलला बांधते." मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात सगळं संपलं, तेव्हापासून ती फाइल उशाशी घेऊनच निजते.

यांना सांगितलं. म्हणाले, "माझ्या आईचीच साडी ना? ती काय पणतवंडाचं वाईट करील? उगाच शंका नक्को काढू."

मला पटेना. रेवाच्या खोलीत गेले, गाठीला हात घातला. ती पडल्या पडल्याच म्हणाली, "सोडू नका ना आई. सुटू नये म्हणून घट्ट बांधलीये मी."

हात मागे घेतला. देवा, आता ती गाठ सोडायचीही भीती वाटते, आणि कोयरी तिच्या उशाशी आहे.