भरलं ताट, उभ्याने

शुक्रवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील आणि तुझे प्रयोगशाळेतले उंदीर नेहमीसारखे उपाशी असतील. आम्ही जिंकलो, हे तुला कळलंच असेल. धुलाईघराच्या वाफेच्या खोलीत पंखे बसणार, पाळीत अर्ध्या तासाची सुट्टी मिळणार. अकरा दिवस मी आणि इस्त्रीवाल्या मावशी फाटकासमोर पाण्यावर बसलो होतो. मालकाला वाटलं होतं, बायका आहेत, चार दिवसांत उठतील.

तुझं पत्र सहाव्या दिवशी मिळालं. उपाशी आतड्याच्या आतले बोटांसारखे उंचवटे खुरटतात, अस्तर पातळ होतं. पुन्हा अन्न मिळालं की तळाच्या पेशी घाईघाईने वाढू लागतात आणि त्या घाईतच चुका होतात, असं तू लिहिलं होतंस. खाली दोन रेघा मारून, 'पहिले काही दिवस चमच्याचमच्याने, डॉक्टरांसमोर. एकदम जेवलात तर रक्तातले क्षार घसरतील, हृदय बंद पडेल.' मी हसले. तुझं सगळं आयुष्य काचपट्टीवर, माझं रस्त्यावर. माणसं म्हणजे उंदीर नव्हेत, असं संघटनेच्या चिटणीसांना म्हणाले आणि पत्र घडी करून ठेवलं.

आमच्या संघटनेचा रिवाज तुला माहीत आहे. मालकसाहेबाच्या हातचा रसाचा पेला आम्ही घेत नाही. उपोषण जिंकलं की भरलं ताट, उभ्याने, फाटकासमोर. हा रिवाज मीच पाडला आणि मला अजूनही त्याची लाज वाटत नाही. वाकून उपास सोडणाऱ्याला पुढच्या वेळी कोण घाबरेल?

तर ताटं आली. मी दोन घास खाल्ले आणि भाषणाला उभी राहिले. बोलायला लागले की मला भूक कुठली! मावशी ताट हातात धरून बघत होत्या. मी माईकवरून म्हणाले, "मावशी, साहेब खिडकीतून बघतायत. ताट रिकामं करून दाखवा."

त्यांनी केलं. वर पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय सुजले, तिसऱ्या दिवशी बोलणं अडखळलं, मग शुद्धच हरपली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, उपास सोडताना काय खाल्लं, किती खाल्लं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "थोडंसंच. नक्की ठाऊक नाही."

मला नक्की ठाऊक होतं. जिंकलेल्या दिवसावर डाग नको, एवढाच विचार मनात आला. दोन तासांनी मी परत जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, लगेच सलाईनमधून क्षार चालू केले. मावशींचं हृदय अजून नीट चालत नाही. काल शुद्धीवर आल्यावर मलाच म्हणाल्या, "साहेबांनी बघितलं ना गं, पोरी?"

आता चिटणीसांनी पत्रक छापायला घेतलंय: ताटात मालकाच्या माणसांनी काहीतरी मिसळलं. लोक सहज विश्वास ठेवतील. चिटणीस म्हणतात, खरं सांगितलंस तर संघटना मोडेल. मी त्यांना म्हणाले, खोट्यावर उभी राहणारी संघटना मीच मोडते. छापखान्यात जाऊन पत्रक थांबवलं. उद्या सभा आहे. साहेबाविरुद्ध बोलते तेवढ्याच आवाजात स्वतःविरुद्ध बोलणार आहे. त्यांनी मला खाली उतरवलं तर उतरेन. मागण्या मात्र सोडणार नाही, आणि मालकाला हसण्याची संधीही देणार नाही.

तू बरोबर होतास. हे लिहिणं सोपं नव्हतं, पण लिहिलं.

सभेआधी, आत्ताच, मावशींच्या लेकीकडे निघाले आहे. आई दवाखान्यात आहे एवढंच तिला ठाऊक आहे, माझ्यामुळे आहे हे नाही. तिच्या त्या एका खोलीत माईक नसेल.

तुझी,
ताई