उलटवून चालेल का?

२ मार्च, सोमवार

माझ्या गेममधली मुलगी काढून द्यायला तीन चित्रकारांना एकच पत्र पाठवलं होतं. एकाचा दर तीन हजार. दुसऱ्याचा पंचावन्न हजार. तिसऱ्या बाईंनी दर सांगितलाच नाही, उलट चौदा प्रश्न विचारले.

मुलगी तीच, पत्र तेच — मग तीन आणि पंचावन्न? आमच्या दुकानात टायपिंगचे आणि छपाईचे दर भिंतीवर लावलेले आहेत. काळं-पांढरं एवढं, रंगीत एवढं. गिऱ्हाईक वर बघतं आणि पैसे काढतं. मालकांना विचारलं तर म्हणाले, काढून कशाला घेतोस, आपल्याकडे छाप, निम्म्यात देतो. गेम म्हणजे काय हे त्यांना कळत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि वीज त्यांची जळते, एवढं कळतं.

४ मार्च, बुधवार

चौदा प्रश्नांची उत्तरं लिहिली. नऊ पानं झाली. शुद्धलेखन दोनदा तपासलं. नववीत शाळा सुटली हे कोणाला पत्रावरून कळू नये असं मला नेहमी वाटतं.

गेममधली मुलगी उजव्या कानाने बहिरी आहे. एका रिकाम्या कारखान्यातून तिला बाहेर पडायचं आहे. डावीकडचे आवाज खेळणाऱ्याला ऐकू येतात. उजवीकडून काही आलं तर दिसेपर्यंत कळत नाही. बाकी सगळं मी स्वतः केलंय, बघून बघून शिकलो, चौदा महिने लागले. फक्त माणूस काढता येत नाही. सध्या मुलीच्या जागी एक करडा चौकोन चालतो. महिनाअखेरीस लहान गेमवाल्यांचा मेळावा आहे. चौकोन घेऊन तिथे कुठल्या तोंडाने जाऊ?

ती मुलगी म्हणजे माझी ताई आहे, हे पत्रात कुठेही लिहिलं नाही. ताईलाही सांगितलेलं नाही. तिला उजव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही. म्हणून केस कायम डाव्या कानामागे खोचलेले आणि मान जराशी उजवीकडे वळलेली, म्हणजे डावा कान बोलणाऱ्यापुढे. मी नेहमी तिच्या डावीकडून चालतो. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, पण जेवायला बसायच्या जागा ठरलेल्या आहेत.

५ मार्च, गुरुवार

बाईंचा व्हॉइस मेसेज. "नऊ पानं वाचण्याचे मी पैसे घेत नाही, पण यापुढे घ्यावेत म्हणते." दर अठरा हजार. त्यात मुलगी उभी, चालणारी, धावणारी आणि चेहऱ्यावरचे सहा भाव. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीपासून मोजून.

माझ्याकडे बावीस आहेत. अठरा जमतात! जीव भांड्यात पडला.

६ मार्च, शुक्रवार

आनंदाची घाई झाली.

आज कळलं की मुलगी एकदाच काढतात, उजवीकडे चालणारी. ती डावीकडे वळली की गेम तेच चित्र उलटवून दाखवतो, आरशात दिसतं तसं. सगळेच असं करतात, निम्मं काम वाचतं. पण उलटवलं की केस दुसऱ्या कानामागे जाणार! बहिरा कान बदलणार! मागे वळली रे वळली की दुसऱ्याच कानाने बहिरी!

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, मला. मग म्हणाल्या, दोन्ही बाजू वेगळ्या काढायच्या तर चौतीस.

हिशोब बरोबर आहे, मी करून पाहिला. प्रत्येक पाऊल दोनदा काढायचं. तरीही डोक्यात शिरत नाही. कानामागच्या एका बटेचे सोळा हजार?

८ मार्च, रविवार

काटछाट. शर्टाच्या चौकटी काढल्या. प्रत्येक चित्रात प्रत्येक चौकट पुन्हा आखावी लागते म्हणे. खांद्यावरची पिशवी काढली. बुटांच्या नाड्या काढल्या. धावणं काढलं. सहा भावांचे चार करायचे होते. कुठले दोन काढू हे कळेना, म्हणून ताईकडे बघत बसलो. "काय रे पंतोजी, नाकाला काही लागलंय का माझ्या?" लोकांच्या पावतीवरचं शुद्धलेखनसुद्धा मी सुधारतो म्हणून मी पंतोजी.

आश्चर्य काढलं. भीती काढली. घाबरलेली ताई मला आठवतच नाही.

सत्तावीसवर आलं. पाच कमी पडतात. मालकांनी कोणाचा तरी प्रबंध टाइप करायला दिलाय, तीनशे पानं, रविवारीही यायचं. बरोबर पाच मिळतील.

११ मार्च, बुधवार

ताई चिडते. तोंडातल्या तोंडात पुटपुटू नको, भिंतीशी बोलतोस का माझ्याशी? या आठवड्यात हे तिसऱ्यांदा. मी पुटपुटतो का? दुकानात कोणी तसं म्हणत नाही. मालकांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, तू पुटपुटत नाहीस, तू डोकं खातोस.

दुपारी फोन केला तर उचलला नाही. संध्याकाळी म्हणाली, मेसेज करत जा, तुझी एक वेलांटी चुकत नाही, वाचायला बरं वाटतं. मला छान वाटलं.

१३ मार्च, शुक्रवार

प्रबंधाची बावन्न पानं झाली. बोटं माझी वाटत नाहीत.

१५ मार्च, रविवार

मान नक्की किती वळते ते लिहून कळत नाही, फोटो पाठवा, असं बाई म्हणाल्या. सात पाठवले. चार जुने आणि तीन याच आठवड्यातले, ताई शेजारच्या काकूंशी दारात बोलत असताना काढलेले. तिला न विचारता. मोबाइल बघतोय असं दाखवून काढले. चोरी केल्यासारखं वाटलं.

१६ मार्च, सोमवार

बाईंचा फोन. विचारत होत्या, यातली कुठली मुलगी काढू?

मी म्हटलं, एकच आहे. त्या म्हणाल्या, माणूस एकच असेल, पण उभं राहणं एक नाही. जुन्या चारही फोटोंत मान वळलेली आहे, केस डाव्या कानामागे आहेत, सगळं तुमच्या नऊ पानांत आहे तसं. नव्या तिन्हींत मान सरळ. केस दोन्हीकडे मोकळे. "ही कान देत नाहीये. ही डोळे देतेय. समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघतेय."

मग म्हणाल्या, नव्या फोटोंसारखी काढायची तर दोन्ही बाजू सारख्याच, उलटवून भागेल. चौदा हजारांत होईल. तुमचे तेरा वाचतील, विचार करा.

तेरा वाचतील! आधी हेच डोक्यात आलं. मग फोटो मोठे करून पाहिले. मान खरंच सरळ आहे. कधीपासून? मी रोज समोर बसून जेवतो आणि मला हे एका परक्या बाईने सांगायचं?

केस कापल्यामुळे असेल.

१७ मार्च, मंगळवार

केस कापलेले नाहीत.

सकाळी ताई ओट्याशी पाठमोरी होती. मी डावीकडे उभा राहून नेहमीच्या आवाजात ताई म्हटलं. काही नाही. नळ चालू होता, त्यामुळे असेल. नळ बंद झाल्यावर पुन्हा म्हटलं. काही नाही. दोन पावलं पुढे जाऊन तिसऱ्यांदा. ती सहज वळली आणि केवढ्याने दचकली! असा भुतासारखा का उभा राहतोस, म्हणाली. तिने मला ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं.

दिवसभरात पाठीमागून आठ वेळा हाक मारली. एकदा ओ दिली. त्या वेळी मी जवळजवळ ओरडलो होतो.

१८ मार्च, बुधवार

ताई काम करते त्या लाँड्रीत एक शर्ट घेऊन गेलो, निमित्त म्हणून. काउंटरवर दुसरीच मुलगी. ताई दोन महिन्यांपासून आत इस्त्रीवर आहे. मला म्हणाली होती, आत बरं असतं, लोकांची कटकट नाही. ती मुलगी म्हणाली, पावत्यांवर भलतीच नावं पडायला लागली म्हणून मालकीणबाईंनी आत पाठवलं.

शर्ट परत घेऊन आलो. तो धुतलेलाच होता.

२० मार्च, शुक्रवार

आज बोललो. जेवणाआधी, टेबलापाशी, नेहमीची जागा सोडून बरोबर समोर बसलो. तिथेच तिला कळलं असणार. ताट सरकवून हात बांधून बसली.

मी सगळं सांगितलं. गेम, ती मुलगी, नऊ पानं, चोरून काढलेले फोटो, आठ हाका. एकेक शब्द सुटा बोलत होतो. ती मध्येच हसली. म्हणजे मी पडद्यावर बहिरी म्हणून हिंडणार आणि तू त्यासाठी लोकांना पैसे मोजणार?

मी म्हटलं, डाव्या कानाला काय झालंय?

ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छ होतं.

जानेवारीत एकटीच डॉक्टरकडे गेली होती. डावाही हळूहळू जातोय. उजव्याला तर काहीच करता येत नाही, डाव्याला यंत्र लावलं तर जे उरलंय ते नीट ऐकू येईल. यंत्राची किंमत तिने सांगितली नाही. मी तीनदा विचारली.

"आईच्या आजारपणात तुझी शाळा गेली," ती म्हणाली. "आता हा तुझा खेळ माझ्यापायी गेला असता. बावीस हजार जमवलेत, मला माहीत आहे. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आणून हातात ठेवले असतेस."

मी म्हटलं, हो.

"म्हणूनच नाही सांगितलं."

मग आम्ही भांडलो. ती ओरडत होती, कारण तिचा आवाज तिला ऐकू येत नाही. मी ओरडत होतो, कारण माझाही तिला येत नाही. काकूंनी दार वाजवलं, काय झालं म्हणून. मी उठलो तेव्हा ताईने विचारलं, कुठे चाललास मध्येच?

२१ मार्च, शनिवार

काही सुचत नाही. कोणावर रागावलोय तेही कळत नाही. चौदा महिने ज्या कानावर गेम बांधला त्या कानाबद्दल मी तिला एकदाही विचारलं नाही.

२२ मार्च, रविवार

प्रबंध संपला. पाच मिळाले. ताईसमोर कागद ठेवला आणि सगळं लिहूनच विचारलं, कारण लिहिताना आम्ही दोघंही ओरडत नाही. मी लिहिलं: गेम राहू दे, सत्तावीसही यंत्राला. तिने खाली लिहिलं: गेम थांबवलास तर यंत्र लावणार नाही. मी उत्तर लिहायला लागलो तर माझ्या हातातून पेन परत घेऊन तिने आणखी एक ओळ लिहिली: मी आत्ता आहे तशी काढ.

तिच्या अक्षरात चूक नव्हती. मी दोनदा पाहिलं.

२३ मार्च, सोमवार

सकाळी बाईंना कळवलं — नव्या फोटोंप्रमाणे काढा, दोन्ही बाजू आता सारख्याच आहेत, उलटवून चालेल. उरलेले तेरा यंत्राच्या पहिल्या हप्त्याला.

बाईंचा मेसेज लगेच आला. "मग चौदाच! छान झालं, सुटला की तुमचा प्रश्न."