नेर्मिनचं शिक्षण आणि माझा चहा

१० सप्टेंबर, शनिवार
नेर्मिनच्या घरून, तुर्कस्तानातल्या बुर्साहून, पार्सल आलं. आलं ते असं: चहा एक किलो. मध्ये बारीक कंबर असलेले काचेचे पेले सहा, पैकी एक फुटका. सुके अंजीर. टॉवेल दोन. माझ्यासाठी लोकरीचे मोजे, ते यांच्या पायाला होतील. फॉर्मवर मालाची किंमत चार हजार येन भरते. टपालखर्च साडेपाच हजार. मुलीचा हात सैल का, याचा उलगडा झाला.

मुलगी सतरा वर्षांची. वर्षभर इथल्या शाळेत शिकणार. डिसेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे, मग टेकडीवरच्या किताडाईबाईंकडे. त्यांच्याकडे पियानो आहे. माझ्या हाताखालून गेलेली मुलगी त्यांच्यासमोर वेंधळ्यासारखी खरेदी करू लागली, तर नाक माझं कापलं जाईल. म्हणून काटकसर शिकवायची. माया लावायची नाही. ती मला ‘आई’ म्हणते, ते तिला इथे आणणाऱ्या संस्थेचा नियम म्हणून.

गल्लीच्या तोंडाशी जिझो देव आहे, त्याला सांगून आले: मुलगी तयार होईपर्यंत चहा बंद. देवाकडे काही मागायचं तर आवडीची वस्तू सोडायची, ही आमच्या आईची रीत. हे म्हणाले, “दुपारपर्यंत टिकेल का?” पाणी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला श्रद्धेतलं काय कळणार.

११ सप्टेंबर, रविवार
रविवारच्या बाजारात पहिला धडा. यादी, पाकीट, मोजके पैसे. ती सुरुवातीलाच एका आलंवाल्या आजींपाशी उकिडवी बसली आणि अर्धा तास गप्पा मारत राहिली. शब्द तीस, हातवारे दोनशे. विकत घेतलेल्या आल्यावर तीन वांगी फुकट आली. मी ते जमेस धरलं नाही, कारण त्यात पद्धत नव्हती. मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वीस येननी स्वस्त आलं घेतलं. पाय दुखले म्हणून ट्रामने परतलो, दोघींचे तीनशे चाळीस. ट्राम हा शिक्षणाचाच भाग.

दुपारी ४. डोकं दुखतंय. ऊन लागलं असणार.

दुपारी ४.३०. नीट विचार केला. व्रत घेताना मनात हिरवा चहा होता. बुर्साचा लाल आहे. जिझोला जाऊन विचारलं. तो काही बोलला नाही. दोन पेले घेतले. व्रत चालू.

२ ऑक्टोबर, रविवार
आज लाजेने अर्धमेली झाले. मोठ्या दुकानात, चौथ्या मजल्यावर, नेर्मिनने छत्रीचा भाव केला. विकणारी मुलगी पांढरी पडली. तिने वरच्याला बोलावलं, त्याने त्याच्या वरच्याला. तिघे ओळीने वाकले. नेर्मिनही वाकली, आणि वाकलेली असतानाच म्हणाली, “शेवटचं किती?” मी टोप्यांच्या रॅकमागे होते. भाव उतरला नाही, पण दोन रुमाल आणि एक पंखा मिळाला. घरी आल्यावर सक्त ताकीद दिली, पुन्हा असं करायचं नाही. मंगळवारी भाताचा कुकर घ्यायचा आहे. सोबत म्हणून तिला नेईन.

४ ऑक्टोबर, मंगळवार
कुकरवर दोन किलो तांदूळ फुकट. मी टोप्यांच्या रॅकमागे नव्हते. जवळच उभी होते, पण पाठ करून.

१५ ऑक्टोबर, शनिवार
बाजारात आता अनोळखी बाया मला नमस्कार करतात. आलंवाल्या आजी म्हणाल्या, “तुम्ही आमच्या नेर्मिनची आई का? अगंबाई, मी तुम्हाला इतकी वर्षं मुळा उलटसुलट करून न घेता जाणारी बाई म्हणून ओळखत होते.” सव्वीस वर्षांनी का होईना, माझी पारख लोकांच्या लक्षात आली.

संस्थेचे मोरिसावा साहेब, निवृत्त हेडमास्तर, दर महिन्याला अहवाल मागतात. मी लिहिलं: “मुलगी सर्व बाबतींत तयार. उरलेलं कोणीही शिकवू शकेल. श्रेय माझं नाही.” शेवटचं वाक्य नम्रतेसाठी.

म्हणजे व्रतही फळलं. तरी मोडलं नाही. आम्ही दोघी संध्याकाळी लाल चहाच घेतो, चार-चार पेले. ती साखरेचा खडा दातात धरून पिते. मी सवय मोडायला सांगितली. मग करून पाहिलं, साखर कमी लागते.

४ नोव्हेंबर, शुक्रवार
मोरिसावा साहेबांचा फोन. म्हणाले, मुलगी तयार झालीच आहे तर तुम्हाला कशाला अडकवून ठेवायचं? किताडाईबाईंनी खोली सजवली आहे, सत्तावीस तारखेलाच हलवू. मी म्हटलं, फारच सोयीचं होईल.

ती गेल्यावर किती खर्च वाचेल ते वहीत मांडलं. आंघोळीचं पाणी. गॅस. मुलीला डुकराचं मांस चालत नाही, म्हणून दर पाकिटामागची बारीक अक्षरं वाचण्यात जाणारा माझा वेळ. बेरीज तीनदा केली, तिन्ही वेळा वेगळी आली. पेन्सिलीला टोक नव्हतं.

७ नोव्हेंबर, सोमवार
संस्थेला दुरुस्तीपत्र. मुलगी उधळी आहे, परवा विनाकारण फुलं आणली, असं स्पष्ट लिहिलं. (जिझोसाठी आणली होती. ते लिहिलं नाही.) साहेबांचा लगेच फोन. म्हणाले, इतकी विनयशील बाई मी पाहिली नाही, पत्र किताडाईबाईंनाही वाचून दाखवलं, त्यांना गहिवरून आलं. मी विचारलं, मुलीला इथेच राहायचं असलं तर? ते म्हणाले, तिच्या घरून लेखी मागणी आली तरच.

हे म्हणाले, “अगं, तुला ती हवी आहे तर तसं सांग ना.” मी म्हटलं, प्रश्न शिक्षणाचा आहे. हे मोजे घालून बसले होते. बुर्साचे. बरोबर झाले.

१३ नोव्हेंबर, रविवार
योजना पक्की होती. किताडाईबाईंना बाजारात न्यायचं, नेर्मिनचा वेंधळेपणा डोळ्यांनी दाखवायचा. नेर्मिनला काही सांगितलं नाही.

तिने यादी काढली. पाकीट काढलं. आलंवाल्या आजींना मान लवून पुढे गेली. आजी म्हणाल्या, “काय गं, बरं नाही का?” तिने तीन मुळे उलटसुलट करून पाहिले, एकही घेतला नाही, दुसऱ्या टोकाला जाऊन वीस येननी स्वस्त घेतला, आणि ट्राम सोडून घरापर्यंत चालली. किताडाईबाई लंगडत मागून आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, “ओकाबायाशीबाई, हुबेहूब तुम्ही हो.”

त्या गेल्यावर नेर्मिनने विचारलं, “आई, आज मी बरोबर केलं ना? आता मला जावं लागणार नाही ना?” तिला वाटत होतं, नीट जमत नाही म्हणून तिला पाठवतोय.

मी मुळा किसायला घेतला.

१४ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी जिझोकडे गेले. म्हटलं, जुनं व्रत सोड, ते खोटंच होतं. नवीन मागणं, नवीन व्रत. चहा बंद. हिरवा, लाल, जवाचा, कुठलाही. पाच पेले पालथे घातले.

फोनवर माझ्या आवाजाचा भरवसा नाही, म्हणून नेर्मिनच्या आईला पत्र. इंग्रजी मॅट्रिकपुरतं आहे, डिक्शनरी घेऊन बसले. सर्वांत महागडं टपाल विचारून आले. जायला सहा दिवस, यायला सहा. एक दिवस हाती राहतो. खर्च वहीत लिहिला नाही. कच्चा मसुदा असा:

“सौ. फेरीदेबाईंना नमस्कार. पार्सल पावलं, आभार उशिरा कळवते याबद्दल क्षमा. मोजे छान झाले. तुमची मुलगी काटकसर शिकलेली नाही. तिला आणखी चांगले सात महिने लागतील आणि ती माझ्याच हाताखाली शिकेल, असं तुम्ही संस्थेला लिहावं. मी तिला काही शिकवलं असं मी सगळ्यांना सांगितलं, तेही खरं नाही. ती नसली की बाजारात मला कोणी नमस्कार करत नाही. पुन्हा पार्सल पाठवू नका, खर्च फार येतो, फक्त दोन ओळी पुरेत. पण उलट टपाली कळवा, कारण तुमचं उत्तर येईपर्यंत माझा चहा बंद आहे आणि डोकं फार दुखतं.”