अंबाडीच्या वाफ्यातलं दुसरं झाड

यान्बू,
शुक्रवार, १७ फेब्रुवारी २००६

प्रिय ताई,

पायांवर डोकं ठेवते. गुडघ्यांना हात लावत नाही, ते दुखतात म्हणून ओरडशील. अनुष्काचा अभ्यास कसा चाललाय? तिच्या बारावीची धास्ती तिच्यापेक्षा तूच जास्त घेतलीयस, हे फोनवर तुझ्या आवाजावरून कळतं. तिला रात्री दूध देत जा. नको म्हणाली तर तुझ्या आईनं यान्बूहून सांगितलंय म्हण.

हे पत्र शालनच्या हाती पाठवतेय. ती इथल्या दवाखान्यात नर्स आहे, आपल्या अकोल्याची. सुट्टीवर निघालीय. पोस्टानं का नाही टाकलं ते पुढे कळेलच. अक्षर गिचमीड आहे, सांभाळून घे. केमोच्या औषधांनी बोटं बधिर झालीत. गाऊनची बटणंसुद्धा कुमार लावतो, आणि लावताना एखादं चुकवतो.

आधी चांगलं सांगते. आमची बाग तू पाहायला हवी होतीस. मागच्या वर्षी दुखणं कळलं, आणि कुमारनं जाहीर केलं की यापुढे विभाच्या पोटात औषध मारलेलं एक पान जाणार नाही. रिफायनरीत दिवसभर मीटर आणि व्हॉल्व्ह बघणारा पुण्याचा माणूस! त्याला मेथी आणि शेपू वासावरून कळत नव्हते. पण नाद लागला की लागला. गावाबाहेरच्या बदू मेंढपाळाकडून गाडीच्या डिकीत मेंढ्यांचं लेंडीखत आणलं. आठवडाभर आम्ही कुठेही गेलो तरी लोकांना आमच्या आधी आमचा वास पोचायचा. खरकट्याचा खड्डा केला. एसीचं ठिबकणारं पाणी नळीनं वाफ्यात सोडलं. किडीला लसूण-मिरचीचं पाणी, पांढऱ्या माशीला आंबट ताक. सौदीच्या या वाळूत टोमॅटो, भेंडी, मुळा, पालक, सगळं आलं. तू सप्टेंबरात कुमारबरोबर अंबाडीचं बी दिलं होतंस ना, तेही आलं. भिंतीच्या कडेनं लांब वाफा आहे, झाडं माझ्या खांद्याएवढी उंच.

त्या वाफ्याचंच सांगायचंय.

ताई, अंबाडीचं पान तू आणि मी झोपेतसुद्धा ओळखू. वरची पानं पंजासारखी, देठाला बारीक काटे, दाताखाली आंबट. डिसेंबरात एकदा ऊन खायला मी बाहेर बसले होते. भाजीला पान खुडायला म्हणून हात घातला, तर भिंतीकडच्या चार-पाच झाडांना काटाच नव्हता. बधिर बोटांना कळत नसेल म्हणून देठ गालावर घासून पाहिला. गुळगुळीत. पान चावलं, आंबट नाही. चुरगाळलं आणि वास आला. महाशिवरात्रीला शंकराच्या देवळामागे तात्यांचे मित्र पाटा मांडून बसायचे, तो वास.

मी पान मातीत पुरलं आणि घरात आले.

त्याआधी दोन महिने मी काय खात होते, तुला ठाऊक आहे. भाताची पेज, तीही उलटून पडायची. मग कुमारनं एक तूप आणलं. म्हणाला, पुण्याच्या वैद्यांनी दिलंय, आयुर्वेदिक. रात्री चमचाभर भाकरीला लावून द्यायचा. पहिल्यांदा घेतलं त्या दिवशी मी दुसरी भाकरी मागितली. तो ताटलीकडे बघत राहिला, मग उठून मोरीत गेला आणि नळ सोडून रडला. नळ सोडला की रडणं ऐकू येत नाही असं त्याला वाटतं.

म्हणजे तूप वैद्याचं नव्हतं, त्या पानांचं होतं. बी त्यानं कुठून आणलं, कसं आणलं, मी विचारलं नाही. विमानात भरायला देतात त्या कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं असतं, अमली पदार्थ आणणाऱ्याला मृत्युदंड, ते त्यानंही वाचलेलं आहे. या देशात या झाडाला माफी नाही. मी विचारलं असतं तर त्याला सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला ते तूप खाता आलं नसतं. तो समजतो मला ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी आम्ही दोघांनी झाकून ठेवली. मी रोज दुसरी भाकरी खात राहिले. खोटं कशाला बोलू, मला जगायचं होतं.

आता वाईट.

शेजारची साबिरा हैदराबादची. तिला अंबाडीचं भारी कौतुक, मटणात घालते. गेल्या आठवड्यात गुरुवारी ती विचारून खुडायला आली. मी कॉटवर पडले होते, उठायला उशीर झाला. बाहेर आले तर ती भिंतीपाशी उभी, हातात एक फांदी.

म्हणाली, "भाभी, अपने अंबाडे को तो काँटे रहते ना? इसकू नहीं हैं."

मी म्हटलं, "हमारे वऱ्हाड की जात अलग है."

तिनं फांदी नाकाशी नेली. माझ्याकडे पाहिलं. मग फांदी हळूच खाली ठेवली आणि "अच्छा" म्हणाली. खुडलेली भाजी ओट्यावर तशीच सोडून गेली. त्यानंतर आलेली नाही. तिचा नवरा रिफायनरीच्या सिक्युरिटी ऑफिसात दुभाषा आहे. तिनं त्याला सांगितलं की नाही, देव जाणे. मी तिला दोष देत नाही. तिलाही लेकरं आहेत, आणि माहीत असून गप्प बसणं हाही इथे गुन्हाच असणार.

मंगळवारी कुमार ड्युटीवर असताना दोन माणसं आली. पाण्याची लाइन तपासायची म्हणाले. आम्ही कुठलीच तक्रार केली नव्हती. नळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. एकानं वाफ्याचा फोटो काढला. दुसऱ्यानं भिंतीकडच्या झाडाची फांदी मोडून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि अगदी अदबीनं "शुक्रन" म्हणाला, म्हणजे आभार. ताई, तो ओरडला असता तर मी इतकी घाबरले नसते. दार लावलं आणि तिथेच खाली बसले.

तेव्हापासून फाटकाशी एक पांढरी गाडी उभी असते. आत कोण आहे ते काचेतून दिसत नाही.

कुमारला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो सरळ जाऊन म्हणेल, माझंच आहे. तो तसाच आहे, पहिल्यापासून मूर्ख. झाडं उपटून तरी काय उपयोग? फोटो गेला, फांदी गेली.

आता तुझ्यापासून काय लपवू? जेद्दाहचा नवा रिपोर्ट कुमारनं कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. मी वाचला. लिव्हरपर्यंत गेलंय. डॉक्टरांनी महिन्यांत मोजलंय, आणि ते आकडे मोठे नाहीत. मला काय करतील ते, ताई? माझ्या निकालाची तारीख आधीच पडलीय. पण अनुष्काला दोघांपैकी एक तरी उरायला हवं. त्यातली मी उरू शकत नाही, मग दुसऱ्याला उरवायचं एवढंच माझ्या हाती आहे.

म्हणून नीट ऐक. हे पत्र वाचून लगेच जाळ. भाऊजींनाही दाखवू नकोस. यानंतर माझं एक पत्र पोस्टानं येईल. ते इथे कुणी आधी फोडून वाचलं तर बरंच. ते जपून ठेव. त्यातला शब्दही खरा नसेल, पण तुला कुणीही विचारलं, अगदी कुमारनं विचारलं, तरी सगळं खरं आहे म्हणायचं. लहानपणी मी केलेल्या चोऱ्या तू स्वतःवर घ्यायचीस. या वेळी फक्त गप्प राहा. मला भीती वाटते. फार वाटते. पण ठरलंय.

तुझी,
विभी


यान्बू,
बुधवार, २२ फेब्रुवारी २००६

तीर्थरूप शोभनाताईस धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार.

मी इथे बरी आहे. मनावर एक ओझं आहे, ते तुला लिहून हलकं करते.

आमच्या बागेत अंबाडीच्या वाफ्यात भिंतीकडे गांजाची झाडं आहेत. ती मी लावली. बी मी पक्ष्यांच्या दाण्यातून निवडून काढलं होतं. वाफा मी खणला, बी मी पेरलं, पानं मी खुडली आणि त्यांचं तूप मीच कढवलं, माझ्या या हातांनी. दुखणं सोसवत नव्हतं म्हणून केलं. कुणाला दिलं नाही, विकलं नाही. शेजारच्या साबिराला संशय आला तेव्हा आमच्या गावची जात वेगळी आहे असं मीच तिला खोटं सांगितलं. तिचा यात काही दोष नाही.

माझे पती कुमार यांना यातलं काहीही माहीत नाही. ते दिवसभर ड्युटीवर असतात. बागेतलं त्यांना काही कळत नाही. मी त्यांना सगळीच झाडं अंबाडीची म्हणून सांगितली आणि त्यांनी विश्वास ठेवला. तूप वैद्याचं आहे असंही मीच सांगितलं. त्यांना फसवलं, याचं मला वाईट वाटतं.

आज सकाळपासून फाटकाशी दोन गाड्या आहेत. कुमार संध्याकाळी येतील. त्याआधी मी स्वतः बाहेर जाऊन त्या लोकांना वाफा दाखवणार आहे. हे पत्र जाताना पेटीत टाकते.

अनुष्काला परीक्षा होईपर्यंत काही कळू देऊ नकोस. नंतर तिला एवढंच सांग, की तुझ्या बाबांना अजून अंबाडी ओळखता येत नाही, त्यांना एकदा शेतात नेऊन शिकव. देठाला काटा आणि पान आंबट. त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढायला विसरू नकोस म्हणावं.

हे मी पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दबावाशिवाय लिहिलं आहे.

विभा कुमार दामले